वारसाचा अंगठा

"आता आनि काय ऱ्हायलं, आप्पासो?" नाथाजीनं जमेल तेवढ्या गोड आवाजात विचारलं.

कारखान्याच्या कामगार पतपेढीत त्याची ही चौथी खेप होती. पहिल्या खेपेला फॉर्म संपले होते. दुसऱ्या खेपेला फॉर्म मिळाला, तर तो दोन प्रतींत हवा होता. तिसऱ्या खेपेला दोन प्रती होत्या, वडूजच्या बँकेचं पत्र होतं, रेव्हेन्यू स्टँप होता, आणि सेक्रेटरी आप्पासोच पाचगणीला पाव्हण्यांकडं गेले होते. बरं, पैसे काय आप्पासोंच्या घरचे होते? चौदा वर्षं नाथाजीच्या पगारातून महिन्याला आठ रुपये कापून घेताना पतपेढीनं त्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं. सक्तीची ठेव म्हणे. घालताना कुणाची सही लागायची नाही आणि काढताना मात्र अख्खं गाव गोळा करायचं.

नाथाजी कारखान्यात पंपांचा फिटर होता. होता म्हणजे, गेल्या महिन्यात राजीनामा देऊन मोकळा झाला होता. वडूजला स्टँडमागं एक गाळा बोलून ठेवला होता, तिथं विहिरीवरच्या मोटारी आणि इंजिनं दुरुस्त करायची. बँक कर्ज द्यायला तयार होती. अट एकच, एकतीस मार्चच्या आत त्याचे स्वतःचे सतराशे रुपये बँकेतल्या खात्यावर दिसायला हवे होते. आज सत्तावीस तारीख. नोकरी सुटलेली, गाळ्याचा मालक रोज निरोप धाडतोय आणि व्याजासकट झालेले ते सतराशे रुपये आप्पासोंच्या हातात अडकलेले.

"वारसाची संमती," आप्पासो म्हणाले. "खातं कायमचं बंद करायचं तर वारसाचा अंगठा पायजे. नियम हाय."

"त्ये ठावं हाय की. म्हनून तर संगटच आनलंय." नाथाजीनं मोठ्या तोऱ्यात दाराकडं मान वळवली. दाराबाहेरच्या बाकावर त्याची आई मनुबाई पायाशी पिशवी घेऊन बसली होती. पहाटेच्या एसटीनं, कराडला गाडी बदलून तो तिला गावाहून घेऊन आला होता. या खेपेला काही म्हणजे काही राहू द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

आप्पासोंनी जाडजूड वही ओढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. "नाथाजी... खातं चौसष्टचं. वारस, आई, मनुबाई." बोट तिथंच थांबलं. त्यांनी चष्मा वर सरकवला. "ही तर मयत हाय."

नावापुढं लाल शाईनं लिहिलेलं नाथाजीला उलट्या बाजूनंही वाचता आलं. मयत, चौदा नऊ बहात्तर.

साफ विसरला होता तो. दुष्काळाच्या साली आईचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेले होते. मिरजेला ऑपरेशनसाठी पैसे हवे होते. या ठेवीतून उचल मिळायची ती चारच कारणांसाठी, लग्न, घरबांधणी, आजार आणि मयत. आजारपणाला साताऱ्याच्या मोठ्या डॉक्टरचा दाखला लागायचा, त्यात पंधरा दिवस जायचे. मयतीला नुसत्या दोन साक्षी चालायच्या, आणि प्रेत काही थांबत नाही म्हणून पैसे त्याच दिवशी मिळायचे. मग काय, ज्याला त्याला अडचण आली की घरातलं एखादं म्हातारं माणूस कागदावर मरायचं. वेल्डर हुसेननंच ही वाट दाखवली होती. त्यानं स्वतःचा चुलता दोनदा मारला होता. दोनातली एक साक्षही त्यानंच दिली. दीडशे रुपये हातात पडले, आईला एका डोळ्यानं दिसायला लागलं, आणि तिला यातलं काही सांगायचं नाथाजीच्या जिवावर आलं ते आलंच.

"मग ह्या कोन?" आप्पासोंनी दाराकडं बोट केलं.

खरं सांगावं, तर खोटं कारण दिलं म्हणून सगळी ठेव जप्त. तोही नियम त्याच फॉर्मच्या मागं छापलेला होता. शिवाय हुसेन अजून नोकरीत होता, त्याला चार पोरं होती. नाथाजीनं बाकाकडं बघितलं नाही.

"ह्या व्हय," तो म्हणाला, "ह्या आमच्या शेजारीन हायत्या."

"बरं, शेजारीन तर शेजारीन. मग असं करा, आईच्या मयतीचा दाखला आना. वारस बदलू, मग बायकोचा अंगठा घिऊ, मग कमिटीची सभा..."

"आवं आप्पासो, एकतीस तारीख हाय माजी!" नाथाजीचा गोड आवाज संपला. "पैसं माजं हायती. मी काय कुनाचं मागतोय व्हय? चौदा वर्सं कापलं तवा कुटं सभा घिटली व्हती?"

"माज्यावर वराडू नगा. ऑडिटरनं शेरा मारलाय. निम्म्या कारखान्याच्या आया मेल्यात आनि एकीचाबी दाखला न्हाई." आप्पासो जरा नरमले. माणूस वाईट नव्हता, कागदानं पिळलेला होता. "दाखला नसंल तर मयतीला हजर असलेल्या मानसाचा जबाब चालंल. घरातलं नगं, कारखान्यातलंबी नगं. हाय का कोन? तिला शेवटची अंगूळ घालनारी एखादी बाई? तेवढा जबाब द्या, वारस कमी करतो आनि तुमच्या सहीवर आजच चेक काढतो."

नाथाजी टेबलावरचे कागद उगाच सारखे करू लागला.

"मी व्हते की," दारातून आवाज आला.

मनुबाई पदर सावरत आत आली होती. तिनं लेकाकडं पाहिलं नाही, सरळ आप्पासोंच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"लिवा. मीच घाटली तिला अंगूळ."

"नाव काय तुमचं?"

"राहीबाई."

नाथाजीनं दचकून मान वर केली. सासरी येऊन मनुबाई होण्याआधी तिचं माहेरचं नाव राही होतं. या नावानं तिला हाक मारताना त्यानं फक्त मामाला ऐकलं होतं, आणि मामाला जाऊनही वीस वर्षं झाली होती.

"काय झालं हुतं बाईला?" आप्पासो लिहीत म्हणाले.

"दिसत नव्हतं डोळ्यानं. लय दीस अंधारात काढलं." मनुबाई जराही न अडखळता सांगत होती. "लेक कामावरनं आला. त्येच्या मांडीवर डोस्कं ठिवलं. पानी त्येनंच पाजलं. आनि गेली. तरास न्हाई झाला कायबी."

"लेकानं समदं केलं न्हवं नीट?"

"केलं," ती म्हणाली. "ल्योक चांगला हाय तिचा. लिवा तसं."

आप्पासोंनी शाईचा पॅड पुढं सरकवला. स्वतःच्या मरणाच्या जबाबाखाली तिनं अंगठा उठवला, चांगला दाबून, कुठं पुसट राहू नये असा. नाथाजीला तिथं धरणी दुभंगून आत घ्यावं असं वाटत होतं. तासाभरात चेक तयार झाला. देताना आप्पासो म्हणाले, "नशीबवान हायसा. अशी शेजारीन मिळत न्हाई आजकाल."

चेक कराडला वटवून ड्राफ्ट काढला, तेव्हा दुपार कलली होती. स्टँडवर वडूजच्या गाडीची वाट बघत दोघं बसली. नाथाजीनं भजी आणली, तिनं खाल्ली नाहीत. नळावर जाऊन अंगठा दगडावर घासून आली, तरी तो निळाच होता.

"किती आलं व्हतं, मी मेले तवा?" तिनं विचारलं.

"दीडशे."

"केलंस काय त्येचं?"

"मिरजेला डोळा न्हाई का केला तुजा."

मनुबाईनं तोच डोळा त्याच्याकडं वळवला. "मारलंस त्येचं काय न्हाई रं. माज्याच पायी मारलंस. अंगूळबी घाटली मी माजी मला." तिचा आवाज बारीक झाला. "पर शेजारीन म्हनालास."

भज्यांचा कागद नाथाजीनं चुरगळला आणि गाडी येईपर्यंत हातातच धरून ठेवला.

एकोणतीस तारखेला वडूजच्या बँकेत तो गेला, तेव्हा ती नको नको म्हणत असतानाही त्यानं तिला बरोबर आणलं. काही लागलं तर असू दे म्हणाला. ती बाहेरच्या बाकावर बसली. काउंटरवर पुण्याकडचा तरुण कारकून होता. त्यानं ड्राफ्ट घेतला, फॉर्म पुढं ओढला आणि भराभर विचारत गेला. नाव, वय, धंदा.

"वारस?"

"मनुबाई."

"आपल्या कोण?"

"आई."

"हयात आहेत?"

"हाय," नाथाजी म्हणाला. एवढ्या मोठ्यानं म्हणाला, की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "माजी आई हाय ती. जित्ती हाय. हितंच बाकावर बसलीया."

"अहो, हळू बोला, मला ऐकू येतं," कारकून वैतागून म्हणाला. "अंगठा लागेल त्यांचा. बोलवा."

बोलवायची गरज पडली नाही. बाकावर मनुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, दोन दिवसांची शाई अजून नखाच्या कडेला होती तो अंगठा पदरानं नीट पुसला, आणि ती उठली.