गवताच्या यंत्राची धार

माझं तोंड एकदा सुरू झालं की गावात म्हणतात, सखूला आवरा. पण या एका गोष्टीत मला तोंड शिवून बसावं लागलंय, आणि ते मला सोसत नाही. म्हणून तुम्हाला सांगते. मामांच्या कानावर जाऊ देऊ नका म्हणजे झालं. मामा म्हणजे माझा सासरा, धाकू.

आमचं गाव कोलशेत. खाडीला लागून मिठागरं. लग्न झालं तेव्हा माझा धनी मिठागरातच राबायचा, दिवसभर खाऱ्या पाण्यात पाय. तळव्यांना भेगा पडायच्या, भेगांत मीठ जायचं. घरी आला की ओटीवर पाय धरून बसायचा, आणि मला बघवायचं नाही. एका साली उजवा पाय घोट्यापर्यंत सुजून काळानिळा झाला. वैद्यानं स्पष्ट सांगितलं, हा पाय पुन्हा खाऱ्यात घातला तर कापावा लागेल. त्याच सुमाराला ठाण्याला रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी हवा होता. देव पावला म्हणायचं. धनी तिथं लागला.

साहेबाला गवताचं वेड. गाईला घालायचं नाही, छपरावर टाकायचं नाही, नुसतं वाढवायचं आणि कापायचं! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोट धरधरून हसले. पण त्याच गवतानं माझ्या धन्याचे पाय बरे केले. रोज सकाळी अनवाणी त्या ओल्या गवतात फिरून भेगा भरल्या, सूज गेली. मी थट्टा करायची, "आता पैंजण करा तेवढे." तोही हसायचा. पाय दुखत नसले की माणूस हसतो हे मला तेव्हा कळलं.

गवत कापायला साहेबानं विलायतेहून यंत्र आणलेलं. दोन चाकं, मधे पीळ दिलेली गोल फिरणारी पाती, त्यांच्याखाली एक सरळ पातं आडवं बसवलेलं. दांडा धरून ढकलायचं. वरची पाती फिरता फिरता खालच्या पात्याला घासून जातात आणि गवत मधे सापडतं, अडकित्त्यात सुपारी सापडते तसं. हे मी आता शहाण्यासारखं सांगतेय. तेव्हा आमच्या लेखी पातं म्हणजे पातं, विळ्याचं काय नि यंत्राचं काय!

नवरात्रात साहेब पुण्याला निघाला. जाताना धन्याला म्हणाला, "दौलत, खालचं पातं झिजलंय, नवं बसव. वरच्यांना मी करतो तशी धार करून ठेव. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे चेंडू खेळायला येणार आहेत." आणि एक पत्र्याचा डबा हातात दिला.

डब्यात होती वाळू. पिठासारखी बारीक, काळी. साहेब ती तेलात कालवून पात्यांना फासायचा आणि यंत्र उलटं फिरवत बसायचा. धन्यानं हे घरी सांगितलं तर मामा हसता हसता खोकायलाच लागले.

"वाळूनं धार? अरे येड्या, वाळूनं धार जाते, येत नाय!"

आता मामांचं ऐका. त्यांच्या डोळ्यांत केव्हाच मोतीबिंदू उतरलेला, भिंत कुठली नि दार कुठलं एवढंच दिसतं. पण धार लावावी तर मामांनीच. अंगठा फिरवून सांगतील, इथं बोथट आहे, इथं दांता पडलाय. खंडेनवमीच्या आधी अख्खं गाव विळे, कोयते घेऊन आमच्या ओटीवर. नवमीला हत्यारं पुजायची आणि पुजायची ती पाजळूनच, ही आमची रीत. बोथट हत्यार देवापुढं ठेवणं म्हणजे त्याचा अपमान.

मामा म्हणाले, "ज्या यंत्रावर घर भाकर खातंय ते बोथट पुजायचं? घेऊन ये घरी."

धनी शेजाऱ्याची गाडी जुंपून यंत्र घरी घेऊन आला. वाळूचा डबा बंगल्यावरच राहिला. तो आणायला सांगायचं मलासुद्धा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी काय सांगणार होते? विळ्यावर वाळू घासलेली मीसुद्धा कधी पाहिली नव्हती.

धन्यानं खालचं जुनं पातं सोडवून नवं बसवलं. मामांनी वरच्या पात्यांना हात घातला. आधी कानस, मग निसण्याचा दगड, मग पाणी आणि पुन्हा निसणा. एकेक पातं वेगळं धरून, देवाचं काम असल्यासारखं. जिथं दांता होता तिथं जास्त घासलं, जिथं बरं होतं तिथं कमी. शेवटी भाताची काडी नुसती टेकवली तर दोन तुकडे. मी म्हटलं, "मामा, यानं साहेबाची दाढीसुद्धा होईल!" म्हातारा काय खुलला! नवमीला यंत्राला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, म्हणून कोणी हात लावला नाही.

दसऱ्याला सकाळी यंत्र बंगल्यावर नेलं. पट्टेवाल्या सहदेवाला आपट्याची पानं द्यायची म्हणून मीही गाडीत बसले. धन्यानं यंत्र ढकललं. गवत वाकलं. यंत्र पुढं गेलं, आणि मागं गवत परत उभं राहिलं. गवताचं एक पातं तुटलं नाही! धन्यानं पुन्हा ढकललं. पुन्हा तेच. मी म्हटलं, "अहो, जोर लावा की!" त्यानं जोर लावला. गवत लोळायचं आणि उठायचं. मला अशी चीड आली की वाटलं, ते गवत हातानं उपटावं.

यंत्र पुन्हा घरी. मामा भडकले. "माझी धार लागत नाय म्हनतोस?" त्यांनी पात्यावर अंगठा ओढला, रक्त आलं, ते आम्हाला दाखवलं. "ही काय बोथट आहे? गवत ओलं असेल तुझं." तरी बसले पुन्हा. संध्याकाळपर्यंत कानस चालली, लोखंडाचा भुगा ओटीभर. मी बघत होते. धन्याचा जीव वरखाली होतोय हे दिसत होतं, पण बापाच्या हातातून कानस काढून घेईल असा मुलगा तो नव्हे.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावर धनी गुडघ्यावर बसला, यंत्र हातानं हळूहळू फिरवलं आणि वाकून बघितलं. वरची पाती खालच्या पात्याला लागतच नव्हती. मधून काडी जावी एवढी फट. जेवढी धार लावली तेवढं लोखंड गेलं, आणि जेवढं लोखंड गेलं तेवढं पातं आखूड झालं. साहेबाची वाळू पाती एकमेकांवर घासून जुळवत होती. आमच्या धारेनं ती जुळणीच मोडली.

"सखू," तो म्हणाला, "बानं मेहनत केली ना, तीच नडली."

बाजूचे स्क्रू पिळून त्यानं खालचं पातं वर आणलं. एका टोकाला कचकन अडकलं, दुसऱ्या टोकाला फट तशीच. अडकलं तिथं नव्या पात्याला खाच पडली. ढिलं केलं तर कापेना, आवळलं तर फिरेना. सहदेव म्हणाला, मुंबईच्या कारखान्यात नेल्याशिवाय व्हायचं नाही. आणि साहेब दुपारच्या गाडीनं यायचा, पाहुणे संध्याकाळी.

मग आम्ही दोघं विळे घेऊन बसलो. भात कापतो तसं, उकिडवे, मूठ मूठ धरून. कमरेचे काटे ढिले झाले. अर्धं मैदानसुद्धा झालं नाही. झालं तेही कुठं उंच, कुठं टकलं.

साहेब आला. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोलले असते. तो मैदानाकडं बघत राहिला. यंत्राशी वाकला, बोटानं पाती चाचपली. मग सरळ खोलीत जाऊन तो डबा घेऊन आला. आमच्यासमोर हलवला. भरलेला. उघडलेलाच नव्हता.

"एवढंच करायचं होतं," तो म्हणाला.

धनी मान खाली घालून उभा. मला ओरडून सांगायचं होतं, अहो साहेब, आम्ही आळस केला नाही, पूजा केली! पण त्याला काय समजावणार? दुसऱ्या दिवशी साहेबानं नवा माळी ठेवला.

दसऱ्यानंतर मिठागराचे बांध घालायला माणसं लागतात. धनी गेला. न जाऊन करतो काय?

मामांना त्यानं सांगितलं, साहेब विलायतेला गेला, बंगला बंद झाला. मला रात्री शपथ घातली. "बा आता दुसरं काय करतो, सखू? गावाचे विळे तेवढे घासतो. तेवढं तरी राहू दे."

काल संध्याकाळी मी ओटीवर त्याच्या पायांना करंजाचं तेल चोळत होते. उजवा घोटा पुन्हा सुजलाय, भेगेतून पाणी येतंय. तेल लागलं की तो दात आवळतो. आवाज करत नाही, कारण शेजारी मामा बसलेले. मामांच्या हातात कोणाचा तरी विळा होता.

"दौलत," ते म्हणाले, "साहेबानं यंत्र इथंच ठेवलं का रं?"

"नाय बा. संगती नेलं."

म्हातारा निसण्यावर विळा ओढत हसला. "नेणारच. तशी धार त्याला तिकडं कोण लावून देणार?"

धन्यानं माझ्याकडं पाहिलं. मी ओठ चावून तेल चोळत राहिले.