प्रस्थान

"अगं, साडी घडी घालून नाही ठेवायची. गुंडाळी कर. गुंडाळीला चुण्या पडत नाहीत आणि जागाही कमी लागते."

श्यामसुंदर पलंगाच्या कडेवर बसून सांगत होते आणि श्यामला खाली मान घालून घडीच करत होती. सांगायचा अधिकार त्यांना होताच. सबंध नोकरी त्यांनी फिरतीवर काढली होती. कारखान्यांना लागणारी वंगणं विकता विकता कोल्हापूरपासून कटकपर्यंतची लॉजं पालथी घातली होती. त्यांची बॅग कशी भरलेली असे, याची कर्वेनगरातल्या त्या सोसायटीत ख्याती होती. बुटांच्या पोटात मोजे, मोज्यांच्या पोटात चार्जर, वरच्या कप्प्यात जेवणानंतरची गोळी आणि बडीशेप. आता निवृत्त होऊन बराच काळ झाला होता. एवढी विद्या अंगात आणि जायला गाव नाही, अशी त्यांची पंचाईत झाली होती.

"आणि द्रव पदार्थ वेगळ्या पिशवीत. विमानतळावर मागतात."

"घेतलेत."

"खोबरेल तेल?"

"अहो, दोन रात्रींसाठी जातेय मी. न्हाणार नाहीये."

श्यामला हडपसरच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी खात्यात होती. कोइमतूरच्या फाउंड्रीतून येणारी कास्टिंग, म्हणजे पंपांचे ओतीव भाग, तपासायची, त्यातली सच्छिद्र बाजूला काढायची आणि फोनवर तिथल्या माणसांशी मोडक्या हिंदीत भांडायचं, हे ती वीसेक वर्षं करत आली होती. ती फाउंड्री मात्र तिनं कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. कोणी जायचं असलं की पुरुष जात. या वेळी साहेब म्हणाले, "तुम्हीच जाऊन या. भांडण तुमचं आहे." पलीकडच्या टेबलावरच्या आमोदनं तेव्हाच हसत हसत सांगून ठेवलं होतं, "मॅडम, घरून काही प्रॉब्लेम झाला तर मी रेडी आहे हं." वाईट नव्हता मुलगा, पण ते वाक्य तिच्या नखात कुसळासारखं राहिलं होतं.

श्यामसुंदरांची बॅग अर्ध्या तासात भरून होई. श्यामलेची गेले तीन दिवस भरत होती, कारण तिला बॅगेआधी घर भरायचं होतं. पोळ्यांच्या बाईंना वेळ बदलून सांगितली होती. उसळ, आमटीचं वाटण, सासूबाईंसाठी मऊ भाताचे तांदूळ काढून ठेवले होते. गॅस कुठून बंद करायचा, हेसुद्धा एकदा दाखवून झालं होतं. भारतभर फिरलेल्या माणसाला स्वतःच्या ओट्याखालचा कॉक माहीत नव्हता, आणि त्यात आपलं काही चुकलंय असंही त्याला वाटलं नव्हतं.

राहता राहिल्या विमलाबाई.

सासूबाईंना जाण्याचं सांगितलं तेव्हा त्या नुसतं "बरं" म्हणाल्या होत्या. आता पुण्यातल्या 'बरं'चे अर्थ लावत बसलं तर जन्म पुरणार नाही. शिवाय श्यामलेनं एक गोष्ट सांगितलीच नव्हती. कंपनीनं काढलेलं तिकीट उद्या सकाळचं होतं, आणि उद्या अमावास्या होती. या घरातून अमावास्येला कुणी सरळ उठून बाहेरगावी गेलं नव्हतं. तिनं आठवडाभर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहणं टाळलं होतं, जणू आपण पाहिलं नाही तर सासूबाईंनाही दिसणार नाही.

वॉकरचे पाय फरशीवर वाजले. विमलाबाई दारात येऊन थांबल्या.

"उद्या किती वाजता निघायचंय?"

"सकाळी सातला, आई."

"उद्या अमावास्या आहे."

श्यामलेच्या हातातली घडी तशीच राहिली. श्यामसुंदर लगेच पुढे सरसावले, "तेच मी म्हणणार होतो. तिकीट परवाचं करून घे ना. मी असे कितीदा..."

"परवाचं केलं तर उद्या आमोद जाईल," श्यामला म्हणाली. "उद्याचंच काम आहे. उद्या ते लोक भट्टी लावणार आहेत. भट्टी चालू असताना पाहिलं तरच कळेल, भोकं कुठून पडतात ते." मग साडी बॅगेत ठेवून ती सासूबाईंकडे वळली. "आई, मी जाणार आहे."

विमलाबाईंनी वॉकर नीट टेकवला.

"जाऊ नकोस असं कोण म्हणालं? ऐकून तरी घ्यावं माणसानं. अमावास्या आज रात्री लागतेय. त्याच्या आत तुझं प्रस्थान नको का ठेवायला?"

निघायचा दिवस वाईट असला की आदल्या चांगल्या वेळी प्रवाशाची एखादी वस्तू शेजाऱ्यांच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू बाहेर पडली म्हणजे माणूस निघालं. मग दुसऱ्या दिवशी ती तिथूनच उचलायची आणि पुढे जायचं. श्यामसुंदरांचं प्रस्थान विमलाबाई समोरच्या वेणूबाईंकडे वर्षानुवर्षं ठेवत आल्या होत्या. ते हसायचे, पण दाढीचा डबा मुकाट्यानं काढून द्यायचे. प्रस्थान फक्त त्यांचंच ठेवलं जाई, कारण घरात जाणारं माणूस तेवढं एकच होतं.

"काय देतेस?" विमलाबाईंनी विचारलं. "तुझं स्वतःचं हवं. दुसऱ्या कुणाचं चालत नाही."

"ही बॅगच ठेवा ना."

"ती याची आहे."

"बरोबर," श्यामसुंदर म्हणाले. त्या बॅगेचं त्यांना अजूनही कौतुक होतं.

श्यामलेनं स्वेटर काढला. तो लेकीचा, स्पृहाचा. पॉवर बँकही स्पृहाचीच, आणि 'हरवू नकोस हं आई' अशा तंबीसह मिळालेली. टॉवेल घरातला. पर्स भावजयीनं दिलेली, भाच्याच्या मुंजीतल्या आहेराची. वरची साडी तिनं उचलली आणि विमलाबाईच म्हणाल्या, "ही माझी. तुला नेसायला दिली होती."

"टूथब्रश?"

"उष्टी वस्तू ठेवतात होय?"

श्यामसुंदरांना हसू आलं. श्यामलेलाही आधी आलं, मग येईनासं झालं. अर्धी बॅग पलंगावर आली होती आणि तिच्यात एकट्या तिचं म्हणावं असं काही निघत नव्हतं. नावसुद्धा श्यामसुंदरांशी जुळावं म्हणून लग्नात ठेवलेलं. माहेरी तिला चंपा म्हणत. याचं तिला एरवी काही वाटलं नसतं. घर म्हटलं की वस्तू इकडच्या तिकडे होतातच. पण आज वाटलं, आणि डोळ्यांत पाणी येईल की काय या भीतीनं ती ताडकन उठून गॅलरीत गेली.

परत आली ती प्लास्टिकची पिशवी घेऊन. "हे माझे आहेत," ती म्हणाली आणि पिशवी दारातच जमिनीवर ठेवली.

आत तिचे सेफ्टी शूज होते. कंपनीत बायकांच्या मापाचे बूट नसायचे. पहिली काही वर्षं ती पुरुषांच्या बुटांत पुढे कापूस कोंबून कारखान्यात फिरली होती. मग रास्ता पेठेतल्या एका दुकानदाराच्या मागे लागून तिनं आपल्या मापाचे मागवून घेतले. त्या मापाचा पाय घरात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"अगं, पायताण?" श्यामसुंदर म्हणाले. "दुसऱ्याच्या घरी? आईला काय..."

विमलाबाईंनी हात वर केला तसे ते गप्प झाले. या घरात चपला उंबऱ्याच्या आत आलेल्या त्यांना खपत नसत. त्या वाकू शकत नव्हत्या, म्हणून श्यामलेनं एक बूट उचलून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो हातात घेतला आणि हात एकदम खाली गेला.

"लोखंड आहे का यात?"

"पुढे पोलाद असतं, आई. काही पडलं तर बोटं वाचतात."

विमलाबाईंचा अंगठा टोकावरच्या खोलगट भागावर थांबला. "हे?"

"एकदा पडलं होतं. पंपाचं झाकण."

"कधी?"

"स्पृहा दहावीत होती तेव्हा."

"मला बोलली नाहीस."

"काही लागलं नव्हतं ना. घरी येऊन स्वयंपाक केला होता मी."

बुटावरून विमलाबाईंनी आणखी एकदा हात फिरवला, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग म्हणाल्या, "ओल्या फडक्यानं पुसून आण. तळवेसुद्धा. आणि माझ्या कपाटातून पंचा काढ, धुतलेला."

श्यामलेनं बूट पुसले. पंचावर शेजारी शेजारी ठेवले. विमलाबाईंनी सुपारी आणि चिमूटभर तांदूळ दोन्ही बुटांच्या मधे ठेवले, बोटानं हळद लावली, कुंकू लावलं आणि गाठ मारायला सांगितली. श्यामसुंदर उठून गाठोडं घ्यायला आले.

"दे, मी देऊन येतो."

"तू बस. तुझं नेहमी मीच नेलं ना? हिचंही मीच नेणार."

गाठोडं वॉकरच्या आडव्या दांडीला लटकवलं गेलं. श्यामलेनं दार उघडलं. विमलाबाई वॉकर पुढे टेकत, गाठोड्याचा झोका थांबेपर्यंत थांबत, पुन्हा टेकत जिन्यापुढची मोकळी जागा ओलांडून समोरच्या दारापर्यंत गेल्या. घंटी त्यांनीच वाजवली. श्यामला उंबऱ्यात अनवाणी उभी होती. मदतीला जावं असं तिला फार वाटत होतं, पण ती गेली नाही.

वेणूबाईंनी दार उघडलं. गाठोडं ओळखून त्या हसल्या. "हे काय, श्यामसुंदर पुन्हा नोकरीला लागला की काय?"

"नाही. सून निघालीय. कोइमतूरला."

"अगो बाई! कशाला?"

"कामाला," विमलाबाई म्हणाल्या. "तिकडच्या लोकांना जमत नाहीये."

वेणूबाईंनी दांडीवरून गाठोडं सोडवलं आणि त्यांना ते दोन्ही हातांनी धरावं लागलं. "जड आहे हो. आहे तरी काय यात? बाहेरच ठेवू का, स्टुलावर?"

"आत ने," विमलाबाई म्हणाल्या. "देवापाशी ठेव."