उरलेल्या काँक्रीटचा गतिरोधक

प्रभावतीबाईंची स्कूटर गतिरोधकावर चढली तेव्हा तिचा वेग फारसा नव्हता. हँडलच्या दोन्ही बाजूंना जेवणाच्या डब्यांच्या पिशव्या होत्या आणि पायांपाशी तिसरी. पुढचे चाक उडाले, पिशव्यांचा भार एका अंगाला गेला आणि बाई उजवीकडे, रस्त्याच्या मध्याकडे पडल्या. मागचा ट्रेलर त्यांच्याहूनही हळू येत होता. चालकाने ब्रेक वेळेवर दाबला. पोलादी कॉइल लादलेला ट्रेलर ज्या अंतरात थांबू शकतो त्याच अंतरात तो थांबला. बाई त्या अंतराच्या आत होत्या.

रस्त्याच्या पलीकडे कंपनीच्या बसची वाट पाहत उभ्या असलेल्या उत्कर्षाने हे पाहिले. चाकणच्या एका कारखान्यात वाहनांच्या ब्रेकची चाचणी घेणे हे तिचे काम होते. मोशीतल्या गृहनिर्माण संस्थांनी मिळून नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीची ती अध्यक्षही होती. त्यामुळे काय घडले याविषयी तिच्या मनात शंका नव्हती, आणि आपण हे लोकांना समजावून सांगू शकू याविषयीही नव्हती. पहिली खात्री रास्त होती.

तिने रस्ता ओलांडेपर्यंत चालकाला केबिनमधून ओढून काढले गेले होते. त्याचे नाव ज्योतीराम. गाव लातूरकडचे. हे तिला नंतर कळले. त्या वेळी दिसला तो एक किरकोळ बांध्याचा माणूस, ज्याचा एक पाय पायरीत अडकलेला असतानाच लोकांनी त्याला खाली खेचले. गुडघा ज्या दिशेने वाकत नाही त्या दिशेने वाकला. तो ओरडला, आणि त्या ओरडण्यामुळे आणखी माणसे धावत आली. दुपारची शिफ्ट सुटलेली होती, बसथांबा भरलेला होता, आणि दुचाकीवाल्यांच्या हातात हेल्मेट होतीच. हेल्मेटचा आवाज कवटीवर कोरडा येतो आणि जबड्यावर ओला. कोणीतरी ट्रेलरची काच फोडली. कोणीतरी डिझेलच्या टाकीचे झाकण उघडायचा प्रयत्न करत होता.

"पेटवा रे हिला!"

"अरे, आधी ह्याला बघा, पळतोय का बघा."

"पळतोय कुठला? पाय बघ त्याचा."

काही जण हसले.

जमावाला डोके नसते असे म्हणतात. निरीक्षण याला दुजोरा देत नाही. या जमावाने उत्कर्षाला वाट दिली. "ताई, तुम्ही बाजूला व्हा, तुम्ही नका बघू," असे म्हणत दोघांनी तिला हातही न लावता अडवण्याचा प्रयत्न केला. बाईमाणसावर हात टाकायचा नाही हा नियम ज्योतीरामचे दात पडत असतानाही पाळला जात होता. हे लक्षात येताच ती सरळ त्याच्या अंगावर आडवी झाली. तिच्या खांद्यावर निसटता एक फटका बसला. मारणारा "सॉरी ताई" म्हणाला आणि थांबला.

ज्योतीरामच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. तो श्वास घेत होता. तो जिवंत राहावा, एवढीच एक गोष्ट तिला त्या क्षणी हवी होती.

गतिरोधकाची कथा छोटी आहे. समितीने वर्षभर महापालिकेकडे पाठपुरावा केला होता. शिफ्ट सुटण्याच्या वेळांत अवजड वाहनांना बंदी, रुंद आणि चढ-उतार सौम्य असलेला गतिरोधक, त्यावर पांढरे पट्टे, अलीकडे फलक, वर दिवा. मंजुरी "प्रक्रियेत" होती. दरम्यान इथल्याच वळणावर शाळेच्या एका मुलीला टेम्पोने उडवले. वळणावरच पंक्चरचे दुकान चालवणाऱ्या रोहिदासने तिला उचलून दवाखान्यात नेले होते. त्यानंतर त्याने प्रक्रियेची वाट पाहिली नाही. बांधकामावरून परतणाऱ्या मिक्सरमध्ये थोडे काँक्रीट उरते आणि ते घट्ट होण्याआधी कुठेतरी ओतून टाकावे लागते. चालक जागाच शोधत असतात. या पट्ट्यातले निम्मे गतिरोधक असेच जन्मले आहेत. रोहिदासने एका मिक्सरला हात केला. काँक्रीट रस्त्यावर आडवे पडले, त्याने फळीने सारखे केले, आणि संध्याकाळपर्यंत ते दगड झाले. अरुंद, उंच, रस्त्याच्याच रंगाचे.

दुसऱ्या दिवशी तिथे रणजीतचा फलक लागला. रणजीत मोशीच्या जुन्या शेतकरी घराण्यातला. जमिनी गेल्या, पैसा आला, आणि आता त्याला निवडणूक लढवायची होती. फलकावर त्याचा हात जोडलेला फोटो आणि खाली 'यांच्या संकल्पनेतून'. उत्कर्षाने बैठकीत आक्षेप घेतला तेव्हा तो मनापासून हसला होता.

"ताई, तुमचं गणित बराबर हाय. पण गणितानं गाडी थांबत न्हाई. ह्यानं थांबती."

गाड्या खरोखरच हळू झाल्या होत्या. समितीचा सचिव निरंजन, हिंजवडीत नोकरी करणारा मितभाषी माणूस, त्यानेही इतिवृत्तात तसे नोंदवले होते.

"त्याची चूक नाही!" ज्योतीरामवर ओणवी होऊन उत्कर्षा ओरडली. "मी पाहिलंय. त्या आधीच पडल्या होत्या. ह्याने ब्रेक लावला होता."

"मग बाई काय हौस म्हणून मेल्या का?"

"चूक कुणाची मग? सांगा ना!"

हा प्रश्न तिला वाजवी वाटला. प्रश्न विचारणारा माणूस ऐकायला तयार असतो, हे तिचे प्रशिक्षण होते. शिवाय हात थांबले होते. ते थांबलेले ठेवायचे होते.

"गतिरोधकाची," ती म्हणाली. "त्याला पट्टे नाहीत, उंची चुकीची आहे, वळणानंतर लगेच आहे. स्कूटर त्यावर उडाली. हा माणूस नसता तर दुसऱ्या कुणाच्या चाकाखाली गेल्या असत्या."

तिला वाटले, पटले. काही जणांनी वळून गतिरोधकाकडे पाहिले, मग फलकाकडे, आणि मग फलकावरचा जो माणूस नुकताच गाडीतून उतरून तिथे उभा राहिला होता, त्याच्याकडे. ज्योतीरामभोवतीचे कडे सैल झाले. तिने जमावाला कारण दिले होते. कारण मिळाले की गुन्हेगाराची गरज संपते, असे तिने गृहीत धरले होते.

रणजीतचा चेहरा पांढरा पडला. तो गर्दी ओळखत होता. लहानपणापासून त्याने गर्दी जमवली होती, पांगवली होती, जेवू घातली होती. त्याने दोन्ही हात वर केले.

"बघा भावांनो, मी फकस्त बॅनर लावला. माल रोहिदासनं टाकून घेतला. विचारा त्याला."

रोहिदास त्या वेळी प्रभावतीबाईंच्या शेजारी बसला होता. दुकानातली ताडपत्री आणून त्याने त्यांना झाकले होते आणि वाऱ्याने ती उडू नये म्हणून एक कोपरा स्वतःच्या गुडघ्याखाली धरला होता. आपले नाव ऐकून त्याने वर पाहिले.

"म्या टाकला," तो म्हणाला. "लेकरांसाठी टाकला. काय झालं?"

जमाव त्याच्याकडे गेला. रणजीत अधिक जवळ होता. पण रणजीतच्या मागे चार माणसे होती, दोन गाड्या होत्या, आडनाव होते. रोहिदासच्या मागे पंक्चरचे दुकान होते.

गर्दीत निरंजनही होता. पहिला वार त्याने केला. प्रभावतीबाई त्याच्याच इमारतीत राहत. त्याच्या मुलाला त्या रोज शाळेच्या बसपर्यंत सोडत. दुकानाच्या दारात टायर उचकटायची लोखंडी टॉमी टेकवलेली होती. त्याने ती उचलली, चष्मा सारखा केला, आणि रोहिदासच्या मानेमागे मारली. रोहिदास पुढे ताडपत्रीवर कोसळला. त्यानंतर कोणता वार कोणाचा हे सांगणे अशक्य होते. फुटपाथचे उखडलेले ब्लॉक हाताशी होते. तो उठायचा प्रयत्न करत राहिला, आणि प्रत्येक वेळी तळहात रक्तावरून घसरत राहिला. "अहो, ऐका की," असे तो म्हणत होता. मग नुसते "अहो". मग तेही नाही.

उत्कर्षाने उठायचा प्रयत्न केला. हेल्मेट घेतलेले दोघे अजून ज्योतीरामच्या डोक्याशी उभे होते, ती बाजूला होण्याचीच वाट पाहत. ती हलली नाही. तिथूनच, घसा फाटेपर्यंत, रोहिदासचे नाव घेत ओरडत राहिली.

"बास! ए, बास रे!" रणजीतही ओरडत होता. तो मध्ये घुसला, दोघांच्या कॉलरी धरल्या, एकाच्या मुस्काटात दिली. ज्याच्या शब्दावर हा रस्ता बंद होत असे आणि सुरू होत असे, त्या माणसाला कोणीतरी कोपराने बाजूला सारले. तो खाली बसला.

पोलिसांची गाडी आली तेव्हा रस्ता रिकामा होऊ लागला होता. ज्योतीराम रुग्णालयात जगला. जबडा तारेने बांधला, एक डोळा गेला. रोहिदास वाटेतच गेला.

चौकीत उपनिरीक्षकाने उत्कर्षाला पाणी दिले. तिच्या कुडत्यावर वाळलेले रक्त तिचे नव्हते.

"मॅडम, जमाव अनोळखी होता, असं लिहू का? साधारण तसंच लिहितात."

"नाही. पहिला मारणारा मला माहीत आहे. निरंजन सोनटक्के. आमच्या समितीचा सचिव."

बाकावर बसलेल्या रणजीतने मान वर केली. त्याचा ओठ सुजला होता.

"ताई, ऱ्हायचंय तुमाला हितंच. त्याची बायको, पोरगं, समदे तुमच्याच गेटातनं येत्यात-जात्यात."

"माहीत आहे."

"आन् माझं काय? मी खोटं बोललो का?"

"नाही. खरं बोललात."

"मग?"

उपनिरीक्षकाकडे वळून ती सांगू लागली. कोण कुठे उभे होते, टॉमी कोणत्या हातात होती, रणजीतने हात वर करून नेमके काय म्हटले. उपनिरीक्षक लिहिता लिहिता थांबला.

"ह्यांनी रोहिदासचं नाव घेतलं, त्याच्या आधी काय झालं? लोक ट्रेलरवाल्याला सोडून मध्येच तिकडे कसे वळले?"

"मी सांगितलं, चूक गतिरोधकाची आहे."

"ते खरं आहे?"

"हो."

"मग ते लिहायची गरज नाही, मॅडम. त्यात गुन्हा काही नाही. उगाच तुमचं नाव त्यात कशाला?"

"लिहा," उत्कर्षा म्हणाली. "माझं वाक्य आधी, ह्यांचं नंतर. घडलं त्याच क्रमाने."

रणजीत तिच्याकडे पाहत राहिला. बाहेर कोणीतरी हुंदके देत निरंजनची चौकशी करत होते. आवाज बाईचा होता, आणि ओळखीचा.

उपनिरीक्षकाने पेन उचलले.