फणसाचा चीक आणि तीन पाखरं

मी रातांब्याची एक वाळकी फांदी बोलतेय. हसू नका. काटकीला कसलं आलंय आत्मचरित्र, असं म्हणाल. पण एका सकाळी मला जिवाच्या आकांतानं ओरडायचं होतं आणि तोंडच नव्हतं. ती सकाळ कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म कोकणातल्या वालावलचा, मथुराच्या परसातला. चांगली हिरवीगार होते, आमसुलं करतात ते लाल रातांबे मिरवत होते. एके दिवशी मेल्या माकडांची टोळी आली आणि एक दांडगा हुप्प्या माझ्यावर झोके घेऊ लागला. मोडले काडकन. सहा महिने सरपणात पडून होते. चुलीत जायचं एवढंच उरलं होतं.

मथुरानं मला उचललं. ही म्हाताऱ्या बाबलीची सून. दहा वर्षं काजूच्या कारखान्यात बिया सोलून हिची बोटं काळी पडली होती. परसात पाखरं किती तऱ्हेची येतात हे तिच्या ध्यानात आलं, तशी तिनं नोकरी सोडली. दगडी डोणीत पाणी भरलं, समोर माडाच्या चुडतांचा आडोसा बांधला आणि डोणीवर आडवी मला बसवली. पहाटे कॅमेरेवाले पैसे मोजून यायचे, आडोशात बसायचे, पाखरं पाण्यावर उतरण्याआधी माझ्यावर टेकायची. तिथं नियम एकच, कुणी आवाज करायचा नाही.

माणसांची मला मोठी गंमत वाटायची. एवढ्या लांबून यायची, श्वास रोखून बसायची आणि पाखरू उडालं की कॅमेऱ्यात बघत विचारायची, "कसं होतं हो ते?" अहो, समोरच तर होतं!

पण पाव्हणे येऊन येऊन किती येणार? आडोसा बहुतेक दिवस रिकामाच. मथुरानं घरात सांगून टाकलं होतं, "ह्या खेपेक जमला तर जमला. नायतर सोमवारपासून परत कारखान्यात."

ह्या खेपेला आल्या होत्या पुण्याच्या दीपिका मॅडम. पाखरांच्या वेडानं फिरणारी कितीतरी माणसं त्यांचे फोटो बघून पुढची वाट ठरवतात म्हणे. त्यांना हवी होती तीन पाखरं एकत्र, माझ्यावर, पहिल्या उन्हात. निळी नीलिमा, हिरवा पर्णपक्षी आणि नारिंगी कस्तूर. तीन सकाळी गेल्या. एक यायचं, दोन यायची, तिसरं काही येईना. चौथ्या दिवशी नऊला त्यांची गाडी निघणार होती.

त्या चौथ्या पहाटे, कुणी उठायच्या आधी, बाबली माझ्यापाशी आला. भला माणूस हो! सुनेवर लेकीसारखी माया. हातात करवंटी, करवंटीत फणसाचा ताजा चीक. माझ्या मध्यावर वीतभर जागेत त्यानं तो चोपडला आणि स्वतःशीच पुटपुटला, "पाखरू घटकाभर थांबला म्हणजे झाला. फोटो गावलो की मगे मीच सोडवतलंय."

लहानपणी ह्याच चिकानं त्यानं पाखरं धरली होती. ती धरून ठेवायची विद्या त्याला ठाऊक. कॅमेऱ्यासमोर तिचा उपयोग करावा, एवढंच त्या साध्या डोक्यात आलं. करायला गेला गणपती आणि व्हायला बसला मारुती!

उजाडलं. दोघी आडोशात येऊन बसल्या. माझा जीव टांगणीला लागला. पाखरांनो, येऊ नका, आज येऊ नका, असं मी मनातल्या मनात किती वेळा म्हटलं! पण लाकडाचं कोण ऐकतो?

पोफळींमधून पहिलं ऊन सांडलं आणि नीलिमा आली. माझ्या टोकाला टेकली, शेपटी हलवली. इवलासा निळा जीव. चीक तिथून चार बोटांवर होता. ती एक उडी आत सरकली. आता तीन बोटं.

कस्तूर दुसऱ्या टोकाला येऊन बसला. मॅडमचा कॅमेरा वर झाला.

इतक्यात बाबली आडोशाच्या मागून चहाचे पेले घेऊन आला. कधी येत नसे, आज त्याला राहवलं नाही. मथुरानं पेला घेतला आणि तिची नजर त्याच्या हातावर थांबली. हात कोपरापर्यंत खोबरेल तेलानं चमकत होते. आमच्याकडं फणसाला हात घालण्याआधी हातांना तेल लावतात, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि घरात तर फणस फोडलेलाच नव्हता.

"मामांनू," ती सासऱ्याला अगदी हळू म्हणाली, "चीक खंय लावलास?"

बाबलीनं हसून हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं.

पर्णपक्षी वरच्या फांदीवर आला होता. खाली बघत होता. माझा मधला भागच तेवढा रिकामा होता. मॅडम पुटपुटल्या, "ये, ये, ये..." तो पंख आवळून खाली झेपावला.

"हाऽऽ! उडाऽऽ!"

मथुरा टाळ्या पिटत आडोशाबाहेर धावली. पेला फुटला. तिघंही भुर्रकन उडाली. पर्णपक्षी माझ्यापासून वीतभर अंतरावरून वळला. त्याच्या पंखांचा वारा मला लागला.

मॅडम तिच्यामागून तरातरा बाहेर आल्या. "तीन दिवस मी ह्या एका क्षणासाठी बसलेय! वेड लागलंय का तुम्हाला?"

"फांदीला चीक आहे, मॅडम," मथुरा म्हणाली. "पक्षी चिकटला असता. आमच्याच घरातून झालंय."

"मी लावलंय," बाबली मान खाली घालून म्हणाला. "तिका काय ठाऊक नाय. माझो गुन्हो."

मॅडम माझ्याजवळ आल्या. त्यांनी बोट टेकवलं. ते निघेना. मग म्हणाल्या, "आणि मी हा फोटो कौतुकानं सगळ्यांना दाखवला असता." बाबलीनं त्यांचं बोट तेलानं सोडवलं. त्या गेल्या. नंतर त्यांचा फोन आला नाही.

सोमवारी मथुरा कारखान्यात गेली. दारातून म्हणाली, "मामांनू, डोणीत रोज पाणी घाला. मी कामाक गेलंय, ह्या पाखरांक काय ठाऊक?"

बाबलीनं मला तासून बघितलं, घासून बघितलं. चीक पार माझ्या लाकडात मुरलाय. आता मी न्हाणीच्या चुलीपाशी पडलेय. आज पाणी तापवायला माझाच नंबर. ह्या माणसाला मला चुलीत लोटवत नाहीये, दोनदा हातात घेऊन खाली ठेवलंय. अरे बाबली, घाल रे! तुझा राग नाही मला. पण पाखरू धरणारी फांदी म्हणून जगण्यापेक्षा तुझ्या सुनेच्या काळ्या बोटांना ऊन पाणी देऊन जाईन.

डोणीवर त्यानं काल दुसरी फांदी बसवली, चिंचेची. बसवण्याआधी हात साबणानं तीनदा धुतले. पाखरांनो, तिच्यावर खुशाल बसा. मनात येईल तेव्हा उडा.