आधी चूळ भरा

भेटीची वेळ झाली आणि लहान मुलांच्या वॉर्डाबाहेरची गॅलरी गच्च भरली. ओठबाबा आले होते. काल त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या छातीला ओठ लावले आणि पिवळा पू भांड्यात थुंकून दाखवला. कापणं नाही, टोचणं नाही. तिची आई आज तिला घरी न्यायला पिशवी भरत होती.

माझं बाळ सात महिन्यांचं. न्यूमोनियानंतर फुप्फुस आणि फासळ्यांच्या मध्ये पू साठलेला. प्रत्येक श्वासाला पोटाच्या वर खड्डा पडायचा. सर्जनबाईंनी एक्स-रे दाखवून सांगितलं होतं, नुसत्या औषधाने भागणार नाही, आजच भूल देऊन छातीत नळी घालायची. हे ऐकून सासूबाई ज्या उठल्या, त्या बाबांनाच घेऊन आल्या.

बाबांच्या तोंडाचा पट्टा जिन्यापासून सुरू होता. सुरी आंधळी असते, ओठांना रोग दिसतो. डॉक्टर पुस्तकात शिकतात, बाबा आईच्या गर्भात शिकले. तिथे वर्ग कोण घेत होतं, ते काही सांगितलं नाही. मग त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि एकदम गप्प झाले.

कालही असंच झालं होतं. आधी रुमाल, मग मौन. आणि उजवा गाल जरासा फुगलेला.

"करू दे गं," नवरा म्हणाला, "ओठ तर लावायचेत. आपलं काय जातंय?"

मी खाटेपुढे आडवी उभी राहिले आणि पाण्याचा पेला बाबांपुढे धरला. "बाळाला आणखी जंतू नकोत. आधी चूळ भरा."

बाबांनी मान हलवली.

"अगं, मौन आहे त्यांचं," सासूबाईंनी दटावलं.

"चूळ भरायला बोलावं लागत नाही, आई."

गॅलरीत कुणीतरी फिसकन हसलं. शेजारच्या मुलीची आई पिशवी सोडून पुढे आली. "भरा ना बाबा. काल माझ्या पोरीला तोंड लावलंत."

बाबांनी घाईने गिळायला पाहिलं. ठसका लागला आणि पेल्यात पडला फुग्याचा तुकडा, गाठ मारलेला. गाठ सुटून पाण्यात पिवळी खळ पसरली. मी वास घेतला. कालवलेलं पीठ.

"कातडीला भोक नाही, मग पू आला कुठून?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. उत्तर द्यायला बाबा थांबले नाहीत. मौन मात्र पाळलं.

दुपारी नळी बसली. खरा पू बाटलीत उतरू लागला आणि उतरतच राहिला. एका तोंडात मावणारा नव्हताच तो. संध्याकाळी बाळ जोरात रडलं. रडण्यापुरता श्वास त्याला कित्येक दिवसांनी मिळाला होता. सासूबाई म्हणाल्या, "रडू दे, गप्प नको करूस." शेजारची आई पिशवीतले कपडे पुन्हा कपाटात लावत होती.

छातीतला पू बंद कातडीतून ओठांनी निघत नाही. त्याला वाट करून द्यावी लागते, आणि ती शिकलेल्या हातांनीच. तुमच्या लेकराच्या खाटेपाशी असा कुणी आला, तर हात जोडू नका. पाण्याचा पेला पुढे करा.