शकुनची टकळी

खुशालरावांनी खादीच्या पिशवीतून टकळी काढली, कापसाचा पेळू काढला आणि दोन्ही मुलासमोर सतरंजीवर ठेवले.

"हं, कातून दाखव बरं."

गोवर्धनने टकळीकडे पाहिले, मग वडिलांकडे. सुपारी कातरणारे किसनराव थांबले. मुलगा पाहायला आलेला माणूस असले काही मागेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

सोयरीक आणणाऱ्या नत्थुजींनी बाळापूरला खुशालरावांच्या घरी एवढेच सांगितले होते, की पोरगा अमरावतीच्या उद्योगशाळेत कातकाम शिकते. खुशालराव जंगल सत्याग्रहात तुरुंग पाहून आलेले. आपल्या माळी समाजात, तेही आपल्या लेकीसाठी, शकुनसाठी, कातणारा जावई मिळतोय म्हटल्यावर ते हरखले आणि सकाळीच बैलांची दमणी जुंपून निघाले.

"बरं, सूत किती निघते दिवसाचं?" त्यांनी विचारले.

"सूत राखा लागते, काकाजी," गोवर्धन म्हणाला. "अर्धं सूत इकडंतिकडं झालं तरी मास्तर माल फेकून देते."

"अर्धं सूत! लई बारीक काम दिसते. अन् तुटते काय?"

"हत्यार तुटते कधीमधी."

खुशालरावांचा चेहरा उतरला. "हत्यार कायले लागते?"

"लोखंड कातायले. यंत्रावर. सूत म्हंजे मापाचं, इंचाचा आठवा हिस्सा."

दिवसभर तोंडाची टकळी चालू ठेवणारे नत्थुजी आता आढ्याकडे पाहू लागले. दाराआड उभ्या असलेल्या मनकर्णाने, गोवर्धनच्या आईने, पोह्यांची ताटली पुन्हा खाली ठेवली.

"म्हंजे लोहारकाम," खुशालराव म्हणाले. "माळ्याच्या पोरानं?"

गोवर्धनच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. याच शब्दावरून याआधी दोन पाहुणे उठून गेले होते. हेही गेले तर शाळा पुरे, मळ्यात ये, असे किसनरावांनी कालच बजावले होते. गोवर्धनचा त्या शाळेवर जीव होता. फिरत्या लोखंडावरून निळसर साल सुटत जायची, तेव्हा त्याला भुकेचीही आठवण राहत नसे.

खुशालरावांनी टकळी उचलली. राग आला की कातायचे, ही त्यांची तुरुंगातली सवय. टकळी फिरली, डगमगली आणि धागा तुटला. त्यांनी पुन्हा जोडला, पुन्हा तुटला.

गोवर्धनला राहवले नाही.

"सळई वाकली हाये, काकाजी. चकती बी मधोमध नाई. पेळूचा काही दोष नाई."

"पोरगी रोज वैतागते हिच्यापायी."

"आना इकडे. शाळेत नवी कातून देतो."

बोलून गेल्यावर त्याने दचकून वडिलांकडे पाहिले. किसनराव पुन्हा सुपारी कातरू लागले. खुशालरावांनी टकळी बोटांत फिरवली, पिशवीत टाकली आणि ते उठले. पोहे तसेच राहिले.

सगळे दमणीपर्यंत पोचवायला गेले. खुशालराव वर चढून बसले, कासरा हाती घेतला, मग पिशवीत हात घालून त्यांनी टकळी खाली गोवर्धनपुढे धरली.

"दे बाबा नीट करून."

"नत्थुजीसंगं पाठवून देतो."

"नत्थुजीसंगं काहून? शकुनची हाये ते. तिच्या हाती दे."

दमणी वळणाआड गेली. किसनरावांनी मुलाच्या हातातली टकळी घेतली, एक डोळा मिटून सळई पाहिली.

"लईच वाकली," ते म्हणाले. "उद्याच्या पहिल्याच गाडीनं अमरावतीले जाय."