सोन्याच्या रेघांवरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. बटाट्याची नाही हं! नखाएवढा काचेचा तुकडा आणि त्यावर सोन्याच्या रेघा. किती बारीक? तुमच्या डोक्यावरचा एक केस उभा चिरून त्याच्या दोनशे चिरफळ्या केल्या, तर त्यातली एक! जुनी म्हणजे दोनच वर्षांची, पण आमच्यात तेवढ्यातच म्हातारपण येतं. गोष्ट सांगते, पण मान खाली घालूनच सांगते. मला लाज वाटते. अजून वाटते.

मला रश्मीने घडवलं. नायगावच्या बीडीडी चाळीतली पोरगी, परळच्या एका कॉलेजात एमएस्सी करणारी. महिनाभर टोपी, मास्क, हातमोजे घालून, श्वाससुद्धा जपून घेत तिने माझ्यावर रेघा उमटवल्या. आणि माझं काम काय, ऐका, भारी आहे! लेझरचा प्रकाश टिचकी मारल्यासारखा रेघांवर पडायचा. सोनं क्षणात तापायचं, फुगायचं, निवायचं, परत फुगायचं. त्या धक्क्याने काचेच्या पाठीवरून लाटा पळत सुटायच्या, तळ्यात खडा टाकल्यावर सुटतात ना, तशा. फक्त या लाटा सेकंदाला अब्जावधी! कुठल्याच कानाला ऐकू येणार नाही इतका उंच सूर. रेघा जितक्या जवळजवळ, तितका सूर वर. अशा लाटांनी एक दिवस रक्ताच्या थेंबातला आजार पकडायचा, असं रश्मीचं स्वप्न होतं.

पहिल्यांदा स्क्रीनवर माझी लाट उमटली, तेव्हा तिने थेट आईला फोन लावला.

"आई, आली! लाट आली!"

"अगं, कॉलेज सोडून चौपाटीवर गेलीस काय?" कौसल्याबाई तिकडून ओरडल्या.

पण तिच्या गाईड दर्शना मॅडम कडक. "एकदा आली ती चुकून आली असेल. शुक्रवारी माझ्यासमोर तीनदा दाखव. नाही जमलं तर हा विषय बंद, सोमवारपासून दुसरा." म्हणजे रश्मीची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात!

आणि मधे आली खंडेनवमी. बुधवारी. लेझरचं टेबल सांभाळणारा दीपकदादा लालबागचा. त्याचे आजोबा कुशाबा गिरणीत मागावर होते. त्या दिवशी मागाला हार घातल्याशिवाय ते घरी जायचे नाहीत. दादानेही लेझरला झेंडूचा हार घातला, कम्प्युटरला टिळा लावला. मग इकडेतिकडे बघून माझी डबी उघडली.

"खरं काम तर तू करतेस बाय," म्हणाला आणि बोट टेकवलं. आधी हळद, वर कुंकू.

मला काय वाटलं सांगू? भारी वाटलं! कुणी कधी माझी पूजा केली नव्हती. कण माझ्या रेघांमधे रुतत होते आणि मी आपली नवरीसारखी मिरवत होते. हीच ती माझी लाज.

दादाच्या लक्षात आलं लगेच. "आयला!" त्याने खिशातला रुमाल काढला आणि घाईघाईने पुसलं. त्या रुमालाने रेघा खरवडल्या. वरून मात्र मी स्वच्छ दिसत होते. त्याने डबी बंद केली आणि कुणाला काही बोलला नाही.

शुक्रवारी लेझर लागला. उरलेले कण जळून काळे झाले. स्क्रीनवर सपाट रेघ. परत लावला. सपाट. तिसऱ्यांदाही तेच. मॅडमनी मला मायक्रोस्कोपखाली घेतलं.

"हा काय डाग? चक्क बोट फिरवल्यासारखा! हातमोजे न घालता धरलीस?"

"नाही मॅडम. शपथ."

"मग काय भुताने बोट लावलं? हा सोनाराचा गाळा आहे काय?"

मॅडमनी वही ओढली. 'हाताळण्यात निष्काळजीपणा, रश्मी...' असं लिहायला लागल्या. रश्मी हातमोज्यांतले हात एकमेकांवर चोळत उभी होती. दादा तिथेच, दोन पावलांवर, डोळे टेबलाच्या पायाशी. सांग ना रे, सांग! पण काचेचं कोण ऐकतं? मॅडम बोलत होत्या, रश्मी ऐकत होती. अशी पाच मिनिटं गेली.

"मॅडम," दादा पुढे येऊन म्हणाला, "ते नाव खोडा. माझं लिहा."

आणि त्याने सगळं सांगितलं. रुमालासकट.

मॅडमचं पेन थांबलं. "दीपक, बारा वर्षं झाली तुम्हाला इथे." एवढंच म्हणाल्या. नाव खोडलं. रश्मीला म्हणाल्या, "विषय तुझाच राहील. दुसरी चिप बनव."

दादा रश्मीकडे वळला. "सॉरी गं. चांगल्या मनानेच लावलं होतं..."

"पूजेचा राग नाही दादा," रश्मी हातमोजे काढत म्हणाली. "मी इथे बोलणी खात उभी होते आणि तू बघत होतास ना, त्याचा आहे."

दादाने लेझरवरचा सुकलेला हार काढून ठेवला.

नवी चिप बनायला दीड महिना लागला. तिने मॅडमसमोर तीनदा लाट दाखवली. मी तेव्हापासून ड्रॉवरमधे आहे, पट्टी आणि जुन्या सेलच्या शेजारी.

मित्रांनो, नाजूक वस्तूला हात लावण्याआधी विचारा. प्रेमाने लावणार असाल, तरी विचारा. आणि चूक झालीच, तर दुसरं कुणी तुमच्या वाटची बोलणी खायच्या आत बोला. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.